घरगुती हुन्नर : मोटारीचा रहाट

जुनी मोटार वरून जितकी वृद्ध दिसते त्याहून ती खालून अधिक वृद्ध असते. वरचा रंग नवा करतां येतो, बैठकींचीं आच्छादनें बदलतां येतात, दिव्यांच्या कडा घासून लख्ख करतां येतात. परंतु तिचें खरें आयुष्य तळाच्या पत्र्यांत असतें, आणि तो पत्रा सहसा कोणी पाहत नाहीं. फार जुन्या मोटारींना खालीं जाड लोखंडाची स्वतंत्र चौकट असे व तिजवर वरचा डबा बसविलेला असे. १९५३ सालीं इटलींत निघालेल्या फियाट ११०० मध्यें ही चौकट नव्हती. तळ, दाराखालचे पोकळ उंबरे, खांब व छप्पर मिळून जी पत्र्याची पेटी होते, तीच त्या गाडीचें हाड व तीच तिचें कातडें. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून जी डिलाइट होऊं लागली आणि १९७४ पासून जी पद्मिनी या नांवानें घरोघरीं परिचित झाली, ती याच घराण्यांतली. अशा गाडीचे उंबरे गंजले म्हणजे तिची पाठच खचली असें समजावें.

आमच्या घरीं अशी एक पद्मिनी आहे. वडिलांनीं ती १९७९ सालीं घेतली. ती भंगारांत द्यावी कीं राखावी, यावर घरांत दोन तट होते. राखणारांच्या बाजूस एक कारण असें कीं, केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. मात्र ती मूळ स्वरूपांत असावी, तिच्या सांगाड्यांत फेरफार केलेला नसावा. म्हणजे तळाचा पत्रा बदलावयाचा तर तो होता तसाच, होता तेथेंच बसला पाहिजे. हें काम गाडीखालीं उताणें निजून, डोळ्यांत गंजाचा भुगा घेत, डोक्यावरच्या पत्र्यास डाग देत नीट होणें नाहीं. गाडी माणसाकडे वळविली पाहिजे. यासाठीं जें साधन करितात त्यास मीं रहाट हें नांव दिलें आहे. घरांतल्या वडील मंडळींस एका शब्दांत उमजलें, हा त्याचा गुण.

रहाटाची रचना साधी आहे. गाडीचें इंजिन, चाकें, कांचा, बैठकी, पेट्रोलची टांकी, सर्व उतरवून केवळ सांगाडा उरवावा. पुढें एक व मागें एक असे दोन भक्कम खांब उभे करावे. जेथें बंपर बसतो तेथील भोंकांना बोल्टांनीं पकडणारा एकेक पंजा दोन्ही खांबांच्या माथ्यावर असावा, व पंज्याचा दांडा जाड नळींत ग्रीस घालून फिरता ठेवावा. खालून एका लांब दांड्यानें दोन्ही खांब एकमेकांस जोडले म्हणजे ते फांकत नाहींत. एका टोंकास भोंकें पाडलेली जाड चकती व तींत घालावयाची खिळ असावी. सांगाडा हव्या त्या कोनांत वळवून खिळ घातली कीं तो तेथेंच राहतो. मग तळ भिंतीसारखा समोर उभा येतो आणि माणूस स्टुलावर बसून काम करूं शकतो.

यांत खरी मेख तोलाची आहे. रिकामा सांगाडा २५० किलोंचा आहे असें धरूं. फिरण्याचा आंस त्याच्या गुरुत्वमध्यापासून १० सेंटिमीटर दूर राहिला, तर सांगाडा कुशीवर वळवितांना आंसापासून एक मीटरवर धरणाऱ्या माणसास २५ किलोंचा जोर लावावा लागेल. हेंच अंतर ३० सेंटिमीटर झालें तर जोर ७५ किलोंचा. खिळ निघाली तर तो सांगाडा माणसास झुगारून देईल. म्हणून पंजा वरखालीं सरकवितां येईल अशी सोय खांबांत ठेवावी, आणि थोडें थोडें सरकवून पाहावें. आंस गुरुत्वमध्याच्या किंचित् वर असावा. मग हात सोडला तरी सांगाडा पाळण्यासारखा सावकाश आपल्या जागीं परत येतो. आंस खालीं राहिला तर तो उलटावयास पाहतो. आणखी एक. उंबरे कापण्यापूर्वीं दारांच्या चौकटींत बिजागरीच्या भोंकांना बोल्टांनीं तात्पुरते आडवे दांडे कसावे. नाहींतर दोन टोंकांस टांगलेली पेटी मध्यें वांकते व पुढें जन्मांत दारें नीट लागत नाहींत.

आतां वेल्डिंगच्या यंत्राविषयीं. हल्लीं पिशवीसारखें खांद्यास अडकवितां येणारें इन्व्हर्टर यंत्र घरच्या २३० व्होल्टांच्या विजेवर चालतें. त्याला स्वतंत्र तार व स्वतंत्र कळ द्यावी. फ्रिजच्या खटक्यांत त्याची वायर खोंचूं नये. गंमत ही कीं, या रॉडच्या यंत्रानें मोटारीचा पत्रा जोडतां येत नाहीं. तो एक मिलिमीटरहूनही पातळ. ज्योत लागतांच त्यास भोंक पडतें. त्या कामास तारेचें यंत्र किंवा मुरब्बी पत्रेवाल्याचा गॅसचा हात हवा. परंतु ५० मिलिमीटर चौरस व ३ मिलिमीटर जाड असा जो लोखंडी पाइप मीटरला सुमारें सव्वाचार किलो भरतो, तो जोडण्यास हेंच यंत्र उत्तम. ३.१५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड घ्यावा, प्रवाह १०० ते १२० अँपिअर ठेवावा. प्रथम चारी कोपऱ्यांस नुसते टांके द्यावे, गुण्या लावावा, कर्ण मोजून पाहावे. आणि मग आळीपाळीनें समोरासमोरच्या बाजू भराव्या, कारण निवतांना सांधा आंखडतो व ज्या बाजूस आधीं भरला त्या बाजूस काम ओढून घेतो.

असा सांधा किती भार सोसतो? ३ मिलिमीटरच्या कोनसांध्याची खरी जाडी सुमारें २.१ मिलिमीटर. त्याच्या दर सेंटिमीटर लांबीवर सुमारें २०० किलोंचा भार निर्धास्त घालावा, असें गणित सांगतें. पांच सेंटिमीटरचा सांधा म्हणजे एक टन! हें गणित मांडून मीं निश्चिंत झालों होतों.

रहाटाच्या अगोदर मीं इंजिन ठेवण्याची घोडी केली. तिच्यावर इंजिन आठ दिवस होतें. एके सायंकाळीं पुतण्या तिच्याजवळ मांडी घालून नटबोल्ट धूत बसला होता. चहास हांक आली म्हणून तो उठून गेला, आणि चहा पुरा होण्यापूर्वीं पडवींतून मोठा आवाज आला. घोडीचा खांब बुडाशीं निखळून इंजिन बरोबर त्याच्या जागीं पडलें होतें. फरशी फुटली. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. रात्रीं मोठ्या वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, मोटार गेली तरी चालेल हो. पोरगा पुन्हा तिच्याजवळ बसायचा नाहीं.”

सांधा मीं भिंगाखालीं पाहिला. वरून तो पोळीच्या कांठासारखा सुबक होता. पण भिंतीवर थापलेली गोवरी वाळून सुटावी तसा तो सुटून आला होता, आणि त्याच्या मागें पाइपाचा मूळचा निळसर काळा पापुद्रा जसाच्या तसा! लोखंड लोखंडांत वितळलेंच नव्हतें. ७० अँपिअरवर, पापुद्रा न घासतां, मीं नुसतें लेपन केलें होतें. गणितांत चूक नव्हती. गणित ज्या सांध्याचें होतें तो सांधाच तेथें नव्हता.

तेव्हांपासून घरांत नियम केला. ज्या दिवशीं ज्या यंत्रानें काम करावयाचें, त्या दिवशीं त्याच प्रवाहावर त्याच पाइपाचे दोन तुकडे आधीं जोडावे, शेगड्यांत आवळून मोठ्या हातोड्यानें मोडावे व तुटलेली कड पाहावी. ती आंतून करडी व दाणेदार दिसली तर ठीक. काळी रेघ अगर पोकळी दिसली तर त्या दिवशीं काम बंद. शिवाय रहाट तयार झाल्यावर त्यावर सांगाडा चढविण्यापूर्वीं मीं वाळूच्या पोत्यांचें दीडपट ओझें दोन दिवस टांगून ठेवलें. पोतीं मोजण्यास वहिनी स्वतः आल्या होत्या. आणि माणूस ज्याच्याखालीं शिरतो असें कांहींही, जॅकच्या बैठका, इंजिन उचलण्याची कप्पी, मीं घरीं करीत नाहीं, विकत आणतों. रहाटावर काम करतांना माणूस सांगाड्याच्या बाजूस असतो, खालीं नव्हे, म्हणूनच तो घरीं करण्याजोगा.

घरांतील इतरांसाठीं चार शब्द. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनीं पाहिलें तर तत्काळ कांहीं वाटत नाहीं. पांचसात तासांनीं मध्यरात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून मुलांना दूर ठेवावें व जाड पडदा लावावा. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप स्वस्तांत मिळाला तरी जोडूं नये. त्याच्या धुरानें रात्रीं हींव भरून ताप येतो. ब्रेक धुण्याच्या कांहीं द्रवांत क्लोरीनयुक्त पदार्थ असतात. ते ओले असतांना ठिणगी लागली तर फॉस्जीन नांवाचा विषारी वायु होतो. तेव्हां धुतलेला भाग साबणाच्या पाण्यानें पुन्हा धुऊन पुरा वाळवावा. आणि वाळत घातलेलीं लुगडीं आधीं काढावीं; एका ठिणगीचा जाब मला अद्याप द्यावा लागतो.

सांगाडा आतां रहाटावर आहे. पुतण्यास तूर्त घासकाम तेवढें करण्याची परवानगी मिळाली आहे, तीही खिळ वहिनींनीं स्वतः पाहिल्यावर. डाव्या उंबऱ्यास हातभर भोंक आहे. त्याचा पत्रा कसा बेतावा तें पुढील अंकीं.