डासाला आडनाव असतं?

शुक्रवारी रात्री स्वारगेटला एसटीत बसायचं, कराडच्या स्टँडवर डोळे उघडायचे आणि पहाटे पहाटे घरी. निम्म्या पुण्याचं हेच तर वीकेंडचं टाइमटेबल आहे. आमचं गाव कृष्णाकाठी, सातारा संपून सांगली सुरू होते त्या पट्ट्यात. गेल्या खेपेला पोचलो तर तात्या, म्हणजे माझे काका, पाठीवर फवारणीचा पंप लावून गोठ्याच्या दारात उभे.

"लई डास झाल्यात. म्हशी रातभर पाय आपटत्यात. वांग्यावरचं औषध उरलंय, मारून टाकतो."

मी म्हटलं, "तात्या, कुठले डास आहेत ते तरी बघा आधी."

"डासात कसलं आलंय कुठलं? डास तो डास. त्याला काय आडनाव असतंय?"

तर मंडळी, असतं. आणि त्या आडनावावर माणसांचं जगणं-मरणं ठरतं.

मोबाइलचा टॉर्च भिंतीवर मारला. बहुतेक डास भिंतीला समांतर बसलेले होते. ही क्युलेक्सची बैठक. घाण पाण्यात वाढणारा हा डास मलेरिया पसरवत नाही. पण चार-दोन जण डोकं खाली आणि शेपटीकडची बाजू वर करून तिरके बसलेले. हा अ‍ॅनोफिलिस. मलेरिया नेणारे डास याच घराण्यातले. आपल्या खेड्यांतला त्यांचा मुख्य मेंबर म्हणजे अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस. पाटाचं पाणी, नदीतली डबकी, विहिरी ही त्याची आवडती ठिकाणं. ऊसपट्ट्यात आणखी काय हवं?

इथपर्यंत शाळेच्या पुस्तकातलं झालं. खरी गंमत पुढे आहे. क्युलिसिफेसिस हा एक डास नाहीच. दिसायला डिट्टो सारख्या अशा पाच वेगवेगळ्या जाती आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी साधी नावं दिली. 1980 मध्ये ग्रीन आणि माइल्स या दोघांनी ए आणि बी वेगळ्या काढल्या. पुढचं बरंच काम दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

पण डोळ्यांना फरकच दिसत नाही, तर जाती वेगळ्या हे कळलं कसं? लॉजिक अगदी साधं आहे. डासाच्या मादीची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यापट्ट्यांची दिसतात. काही माद्यांमध्ये एक्स गुणसूत्राचा एक तुकडा सरळ होता, काहींमध्ये तोच तुकडा उलटा फिरलेला. दोन्ही प्रकार एकाच गावात, एकाच गोठ्यात. आता यांची आपसात लग्नं होत असती, तर आईकडून सरळ आणि बापाकडून उलटा तुकडा घेतलेली मिश्र लेक सापडायलाच हवी होती. ती सापडेना. म्हणजे शेजार होता, पण सोयरीक नव्हती. सोयरीक नाही, म्हणून जाती वेगळ्या.

आणि फरक नुसता पट्ट्यांचा नाही. बी जात मलेरियाच्या बाबतीत बरीचशी कुचकामी. तिला गुरांचं रक्त आवडतं आणि मलेरियाचा परजीवी तिच्या पोटात नीट वाढत नाही. ए, सी आणि डी मात्र मलेरिया नेतात. रामेश्वरम बेटावर तर कोडंच पडलं होतं. डास तपासले की बी निघायचे, पण मलेरिया काही हटत नव्हता. शेवटी नराच्या वाय गुणसूत्राच्या आकाराने चोर पकडून दिला. बी म्हणून मिरवणारी ती पाचवी जात होती, ई. माणसाच्या रक्ताची चटक लागलेली. ते साल 1999.

इथे मला कराडचा प्रीतिसंगम आठवतो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि पुढे सांगलीकडे एकच कृष्णा वाहते. डासांचं नेमकं उलट आहे. एका पाण्यात जन्मायचं, एका गोठ्यात राहायचं, पण मिसळायचं नाही.

समजा मिसळलेच, तर काय होतं? प्रयोगशाळेत या बहिणजातींची लग्नं लावून पाहिली आहेत. काही जोड्यांमध्ये मुली ठणठणीत निघतात, मुलगे मात्र वांझ. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचरासारखे. संकरातून एकच लिंग वांझ निघालं, तर ते बहुधा दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं असतं. डासात ते नराचं. हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1922 मध्ये मांडला. हे तेच हॉल्डेन, जे 1957 मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

म्हणजे दोन जातींमध्ये भिंत आहे. टेन्शन आहे ते या भिंतीला पडणाऱ्या फटीचं.

फट काय करू शकते हे आफ्रिकेत दिसलं. तिथे गांबिए आणि कोलुझी या दोन जुळ्या जाती आहेत. कोलुझीला वेगळी जात म्हणून नाव मिळालं ते थेट 2013 मध्ये. या दोघांचे संकर क्वचित होतात, पण होतात तेव्हा ते वांझ नसतात. मालीमध्ये औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा वापर वाढला, त्याच सुमाराला एक गोष्ट घडली. औषधाला दाद न देणारा गांबिएचा जीन संकरातून कोलुझीत शिरला आणि पसरला. हे संशोधन 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. एरवी असे संकर टिकत नाहीत. पण भोवती सगळीकडे विष पसरलेलं असेल तर तोच संकर जगतो. म्हणजे ती फट रुंद केली कोणी? आपणच.

तात्यांना हे गुणसूत्रांच्या भाषेत सांगून उपयोग नव्हता. म्हटलं, "खिलार गाईला एकदा जर्सी भरवली. मग त्या कालवडीला आणि तिच्या पोरींना कायम खिलारच वळू दाखवला. गाय दिसायला पुन्हा खिलार होईल, पण जर्सीचा एखादा गुण राहील की नाही?"

तात्या थांबले. "ऱ्हाईल की. ज्या गुणानं पैसा मिळतोय, ती कालवड कोण इकणार?"

याच्याहून चांगली व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. डासांच्या बाजारात पैसा म्हणजे जीव, आणि बाजारभाव आपण ठरवतो. तात्यांच्या बाटलीवर सायपरमेथ्रिन लिहिलेलं होतं. मच्छरदाणीला लावतात त्याच घराण्यातलं औषध. वांग्यावर मारा, नाहीतर गोठ्यात मारा, वाचणाऱ्या डासाची शिकवणी तीच. शिवाय ते पिकावरचं औषध. उद्या दुधात उतरलं तर?

हा धडा आपल्या देशाने आधीच एकदा घेतलाय. 1953 मध्ये डीडीटीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 1965 पर्यंत देशातले मलेरियाचे रुग्ण सुमारे 1 लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. कारणं अनेक होती, पण औषधाला न जुमानणारे डास हे त्यातलं एक मोठं कारण.

आज महाराष्ट्रात मलेरियाची काळजी जास्त आहे ती गडचिरोली आणि मुंबईत. सातारा-सांगलीत त्या मानाने निवांत. पण डास इथेच आहे, आणि परजीवी माणसाच्या रक्तातून एसटीने, ट्रकने कुठेही जातो. फ्लॅटवाल्यांनीही हसू नये. आपल्या टाक्यांमध्ये वाढणारा शहरी अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला. 2022 मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात मलेरियाची साथ आली, तिच्यामागे हाच होता.

म्हणून "डास किती" याच्या आधी "डास कुठला" हे विचारायचं. गोठ्यातला तो तिरका ए होता की बी, हे टॉर्चने कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. पण पाण्यातली अळी कुठल्याही आडनावाची असो, माशाला ती सारखीच लागते. आणि कुठलाही जीन तिला माशाच्या तोंडातून सोडवत नाही.

तात्यांनी पंप उतरवला. आम्ही दोघांनी मिळून गोठ्यामागचं डबकं बुजवलं. म्हशींचा हौद घासून कोरडा केला आणि दर आठवड्याला कोरडा करायचं ठरलं, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतोच. विहिरीत गप्पी मासे सोडले.

बुधवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना तात्यांचा फोन. बाहेर जाऊन घेतला.

"मासं जगल्यात बघ. अळ्या खाल्ल्या सगळ्या. आडनाव न विचारता."