डब्याच्या पोटाखालीं

आगगाडीच्या डब्याची लहान प्रतिकृति करण्याचा छंद आपल्यांतील कांहीं विद्यार्थ्यांना आहे, आणि तो स्तुत्यच आहे. पुठ्ठा, लाकूड, पत्रा व रंग यांतून डबा उभा करणारा मुलगा हात, डोळा आणि धीर या तिहींचें शिक्षण एकदमच घेत असतो. परंतु या कामांत एक उणीव वारंवार आढळते. तिजविषयीं चार शब्द लिहावे असें वाटतें. खिडक्या मोजून केलेल्या असतात, रंगाची छटाहि जुळविलेली असते; पण डबा उलटा केला कीं खालीं एक तर कोरी फळी दिसते, नाहीं तर मनास येतील तशा चिकटविलेल्या पेट्या.

गतवर्षीं एका प्रदर्शनांत असाच एक देखणा डबा मांडला होता. रेल्वेच्या कारखान्यांत जन्मभर डब्यांची दुरुस्ती केलेले एक वृद्ध गृहस्थ तेथें आले. त्यांनीं तो डबा हातांत घेतला, प्रथम उलटा केला, क्षणभर पाहिला आणि मुकाट्यानें जागेवर ठेविला. ज्या भागाखालीं वाकून त्यांनीं आयुष्य काढलें, तो भागच तेथें नव्हता! तेव्हांपासून माझें असें ठाम मत झालें आहे कीं, ज्याला डबा करावयाचा आहे त्यानें अभ्यासास आरंभ छपरापासून न करतां तळापासून करावा.

आपल्या सर्वांच्या परिचयाची डेक्कन क्वीनच घ्या. ही गाडी १ जून १९३० रोजीं मुंबई व पुणें यांमध्यें सुरू झाली. तिच्यासाठीं सात सात डब्यांचे दोन संच होते. त्या डब्यांचा वरचा भाग जी. आय. पी. रेल्वेच्या माटुंगा येथील कारखान्यांत बांधला गेला. पण ज्या लोखंडी सांगाड्यावर तो बसविला, ज्यास कारखान्यांतील लोक अंडरफ्रेम म्हणतात, तो इंग्लंडांत तयार झाला होता. एकाच डब्याचे वरचे अंग मुंबईचें आणि खालचें विलायतेचें! तेव्हां वरच्या अंगाची माहिती मिळाली म्हणून खालच्याचीहि मिळाली, असें समजणें किती चुकीचें आहे हें उघड आहे.

पुढें १९६६ सालीं त्या डब्यांच्या जागीं पेरांबूरच्या कारखान्याचे पोलादी डबे आले. त्यांत तळ, भिंती व छप्पर मिळून एकच कवच होतें आणि सर्वांनीं मिळून भार वाहावा अशी योजना होती. या जातीच्या डब्याची लांबी २१.३४ मीटर; त्याचे ब्रेकचे ठोकळे चाकांच्या कडेवर दाबले जातात. वीज उत्पन्न करणारें यंत्र डब्याखालींच टांगलेलें असून तें आंसावरील पट्ट्यांनीं फिरतें. २०२२ च्या जूनमध्यें या गाडीस जर्मन पद्धतीचे एल. एच. बी. डबे मिळाले. त्यांची लांबी २३.५४ मीटर, ब्रेकच्या तबकड्या आंसांवर बसविलेल्या आणि वीज गाडीच्या टोकाकडून येणारी, म्हणून पट्ट्यावर फिरणारें तें यंत्र येथें नाहीं. गाडीचें नांव एकच, पण तळ तीन प्रकारचे! वर्ष ठरविल्यावांचून तळ ठरत नाहीं, हा पहिला धडा. १९६६ सालचा म्हणून केलेल्या डब्याखालीं जर अलीकडच्या जैवशौचालयाची टाकी दिसली, तर वरचा रंग कितीहि बिनचूक असो, तो डबा खोटें बोलत आहे.

ही माहिती मिळवावी कशी? छायाचित्रांवर फार विसंबूं नये. कारण तीं बहुधा फलाटावरून घेतलेलीं असतात, आणि रुळांच्या माथ्यापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर उंच असलेला फलाट नेमका हाच भाग झांकून टाकतो. फाटकाबाहेर उभें राहून जाणारी गाडी पाहावी. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत जाण्याचा योग आल्यास तेथील जुन्या डब्यांपाशीं वाकून पाहावें. नकाशे मिळाल्यास ते ताडून पाहावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, ज्यांनीं हें काम हातांनीं केलें त्यांना विचारावें. रुळांवर उतरण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. तें जिवावर बेतणारें व कायद्यानें निषिद्ध आहे. दुसऱ्याची प्रतिकृति हा कधींच पुरावा मानूं नये. एकानें अंदाजानें चिकटविलेली पेटी दुसरा खरी समजून उतरवितो, तिसरा त्या दोघांची साक्ष काढतो, आणि मूळ डबा मोडीत गेल्यावर ती चूकच इतिहास होऊन बसते.

कोणी म्हणेल, "आपल्या रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर, सत्त्याऐंशीपट लहान केल्यास तें १९.३ मिलिमीटर भरावें. बाजारांत मिळणारे या प्रमाणाचे रूळ तर १६.५ मिलिमीटरचे. जेथें चाकेंच अरुंद, तेथें बाकीच्या खरेपणाचा आग्रह कशाला?" या आक्षेपांत तथ्य आहे, पण जाणून केलेली आणि उघड सांगितलेली तडजोड निराळी, व अज्ञानावर घातलेलें पांघरूण निराळें. पहिलीनें कोणाची फसवणूक होत नाहीं.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येकानें आपल्या डब्याच्या तळाशीं एक लहानशी चिठ्ठी चिकटवावी: डबा कोणत्या सालचा, काय मोजलें, काय ऐकलें आणि काय केवळ अंदाजानें केलें. जें कळलें नाहीं तें कोरें ठेवावें. कोऱ्या जागेची लाज नाहीं, खोट्या पेटीची असावी. परीक्षकांनींहि डबा उलटा करून पाहिल्याशिवाय गुण देऊं नयेत. पालकांनीं महागडें साहित्य आणून देण्यापेक्षां मुलास एक वही द्यावी आणि एकाद्या रविवारीं शेजारच्या निवृत्त रेल्वे-कामगाराकडे घेऊन जावें.

गुप्तपणें केलेल्या सत्कर्माची थोरवी आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. जेथें कोणाची दृष्टि पोंचत नाहीं तेथें नीट काम करणें, हा तिचाच एक लहानसा पाठ होय. पुढील प्रदर्शनास ते वृद्ध गृहस्थ पुन्हां आले, तर त्यांना डबा लगेच खालीं ठेवावासा वाटूं नये, त्यांनीं चष्मा काढून पुसावा आणि बोट दाखवून म्हणावें, "ही पेटी जरा डावीकडे हवी होती." यापेक्षां मोठें बक्षीस मला तरी सुचत नाहीं.