लहान वीजसंचांचा निरोप

परळीचे ३० मेगावॉटचे संच, भुसावळचा ६२.५ मेगावॉटचा संच, कोराडीचे १२० मेगावॉटचे चार संच, ह्या साऱ्यांनी कधीच निरोप घेतला आहे. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीजमंडळाने खेडोपाडी तारा नेल्या, त्या काळात कोयनेच्या जलविद्युतेच्या जोडीला कोळशावरील असेच लहान संच उभे राहिले. त्यांचे ते ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरीही त्यांना निवृत्त करणे योग्यच होते. लहान संचात वाफेचा दाब व उष्णता एका मर्यादेपलीकडे नेणे परवडत नाही. त्यामुळे कोळशातील उष्णतेचा पाव हिश्श्याहून थोडाच अधिक भाग विजेच्या रूपाने हाती लागतो. कोराडीच्या नव्या ६६० मेगावॉटच्या संचांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जुना संच बराच अधिक कोळसा जाळतो आणि राखही त्याच मानाने अधिक टाकतो.

परंतु जे मोठे ते भले, हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे सबंध केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ साली पुन्हा तीच वेळ आली. आकार ठरविण्याआधी पाणी मोजले पाहिजे. शिवाय जेथे वाफ वाया जात नाही, तेथे लहान संचाला आजही हक्काची जागा आहे. साखर कारखाना चिपाडांवर वाफ करतो, तिच्यावर वीज काढतो आणि त्याच वाफेने रस आटवितो. केवळ विजेसाठी कोळसा जाळणारे लहान केंद्र मात्र नव्याने उभारू नये.

खरा प्रश्न आहे तो माणसांचा. नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे २१० मेगावॉटचे संच चाळीस वर्षांहून जुने आहेत. आज ना उद्या त्यांचीही पाळी येणारच. केंद्र बंद झाले की कायम नोकराची बदली होते. कंत्राटी मजुराला बदली नसते. गावाने दिलेली जमीन, उभ्या वीजवाहिन्या आणि पाण्याची सोय मात्र जागच्या जागी राहते. तेथे सौर केंद्र व वीज साठविण्याची यंत्रणा उभारावी आणि त्या कामावर पहिला हक्क त्याच मजुरांचा मानावा. संच बंद करण्याचा हुकूम निघेल, त्याच हुकमात ही व्यवस्थाही लिहिलेली असली पाहिजे. ती नसेल, तर स्वस्त विजेची खरी किंमत ह्या गावांनी मोजली असेच म्हणावे लागेल.