बुडालेल्या जहाजाचा धनी कोण?

"ज्याला सांपडली त्याची" हा न्याय आमच्या शाळेच्या पटांगणावर फार लोकप्रिय आहे. पेन्सिल हातीं लागली कीं मूळ धन्याची आठवण कोणास होत नाहीं. तंटा मात्र आम्हां शिक्षकांपुढें येतो! हाच तंटा समुद्रतळच्या धनाविषयीं उपस्थित झाला म्हणजे न्यायाधीशांसही सोपा जात नाहीं.

मुंबईहून आफ्रिकेस निघालेली 'तिलावा' ही आगबोट ता. २३ नोव्हेंबर १९४२ रोजीं जपानी पाणबुडीनें बुडविली. २८० माणसें प्राणांस मुकलीं. बोटींत रुप्याच्या २,३६४ लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें त्या मुख्यतः नाणीं पाडण्यासाठीं विकत घेतल्या होत्या. २०१७ सालीं एका इंग्रजी कंपनीनें सुमारें अडीच किलोमीटर खोल पाण्यांतून त्या काढून इंग्लंडास नेल्या आणि श्रमांचा मोबदला मागितला. परराष्ट्राच्या सरकारवर येथें असा दावाच चालत नाहीं, असें दक्षिण आफ्रिकेचें म्हणणें. खालच्या दोन न्यायालयांनीं कंपनीस अनुकूल निकाल दिला, ता. ८ मे २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला.

आपण घाटावरचे लोक. आपणांस समुद्राशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु मालवण बंदर १८१२ पर्यंत करवीर राज्यांत होतें, आणि कोंकणांत हा प्रश्न फार जुना आहे. १६७४ सालीं राज्याभिषेकप्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडीं आला. फुटक्या जहाजांचा माल परत मिळावा, असें एक कलम त्यानें मागितलें. शिवछत्रपतींनीं बहुतेक कलमें मान्य केलीं, हें मात्र नाकारलें: तें कोंकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांस दिलें तर फ्रेंच व डचही तेंच मागतील. (खुद्द इंग्लंडांत तरी काय होतें? १२७५ च्या कायद्याप्रमाणें फुटक्या जहाजांतून माणूस, कुत्रें किंवा मांजर जिवंत निघाल्यास धन्यास एक वर्ष एक दिवसाची मुदत. एरवीं माल राजाचा.)

छत्रपतींचें उत्तर राजनीतीस धरून होतें. तरी तो जुना रिवाज आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. वादळानें जहाज बुडतें, मालकी बुडत नाहीं. पण काढणाराच्या श्रमांचें मोल त्यास मिळालेंच पाहिजे, नाहींतर एवढ्या खोल उतरेल कोण? पाऊणशें वर्षें त्या रुप्याकडे कोणी फिरकलें नव्हतें. म्हणून लंडनचा निकाल आम्हांस अर्धाच पटतो.

आणि ज्यांच्या नांवें एकही लगड नव्हती, त्या मृतांचें तें जहाज थडगें आहे. तें उघडण्यापूर्वीं त्यांच्या आप्तांस विचारावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या न्यायालयापुढें नव्हताच.