दागिन्यात पारा नसतो!

धनत्रयोदशीला सराफाच्या पेढीवर वेढणे पसंत करताना मी विचारले, "हे सोने काढताना कुठे पारा तर जाळला नसेल?" सराफ हसले. "रावसाहेब, आमच्या दागिन्यात पारा नसतो!"

अगदी खरे. तो दुसऱ्याच्या छातीत गेलेला असतो!

घाना, पेरू या देशांतले सोने आपल्याकडेही येते. तिथल्या लहान खाणींत दळलेल्या खनिजात पारा कालवतात. तो सोन्याचे कण धरतो. मग तो गोळा उघड्या विस्तवावर, कधी घरच्या चुलीवरच, तापवायचा. ३५७ अंशांना पाऱ्याची वाफ होते, सोने उरते. वाफ पोराबाळांनी हुंगावी! २०१५ या एका वर्षात जगभरच्या अशा खाणींतून ८०० टनांहून अधिक पारा हवेत गेल्याचा अंदाज आहे.

आणि उपाय? गुलाबाचा अर्क काढतात तसले एक झाकणबंद लोखंडी भांडे व नळी. नळी गार ठेवली की बहुतेक पारा थेंबाथेंबाने परत मिळतो. 'सरसकट बंदी घाला' म्हणणाऱ्या विद्वानांना मी विचारतो, खाणकऱ्याच्या पोटाचे काय? बंदीने काम थांबत नाही. दार लावून चालते.

मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. उघड्यावरचे जाळणे थांबवावे, असे त्यात लिहिले आहे. पण भांड्याला पैसा लागतो, आणि आपण गिऱ्हाइके वजनापलीकडे काही विचारीत नाही. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. त्याच्या धुराची कोणी सांगावी?

वेढणे मी परत ठेवले. घरी त्यावर काय ऐकावे लागले, ते इथे लिहीत नाही.