घरटॅक्स भरला, पण झाडाला पाणी कोण टाकणार?

मार्च महिना जवळ आला की आमच्या मुलचेरा तालुक्यातल्या गावागावांत वसुलीचे पथक फिरू लागते. पुढे ग्रामसेवक, मागे शिपाई, हातात पावतीपुस्तक. लोक दारातूनच विचारतात, "टॅक्स कायले भरायचा साहेब? नालीतलं पानी तर तसंच साचून हाये." ग्रामसेवक म्हणतात, "तुम्ही टॅक्स भरला तर नाली साफ होईल ना!" हा वाद दरवर्षीचा आहे. गंमत अशी की दोघांचेही खरे आहे.

मी शेतीखात्याचा माणूस. धानाच्या बांध्या, बियाणे, तुडतुडा हे माझे विषय. टॅक्सच्या भानगडीत मी का पडावे, असे कुणी म्हणेल. पण मागच्या उन्हाळ्यात एका गावी गेलो असता नव्या सिमेंट रस्त्याच्या कडेला बांबूचे कठडे ओळीने उभे दिसले. आत करंजाची रोपे होती म्हणे. आता नुसत्या काड्या, आणि एका कठड्याला बकरी बांधलेली. जवळच खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारले. ते म्हणाले, "झाड सरकारनं लावलं, आता पानी कोन टाकन?" त्यांच्या एका वाक्यात सगळा विषय आला.

बांधायला पैसा आहे, राखायला नाही

गावात रस्ता, नाली, पेव्हिंगचे गट्टू बसवायला पैसा कुठून येतो? आमदार निधी, २५१५ चे लेखाशीर्ष, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधार योजना, वित्त आयोग. झाडांचेही तसेच. राज्याने २०१६ च्या १ जुलैला २ कोटी झाडांचा संकल्प केला, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचा. त्या वेळचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचेच. खड्डे खोदले गेले, रोपे लागली, आकडेही वर गेले.

पण रोपाला निदान तीन उन्हाळे पाणी लागते आणि नालीला दरवर्षी मृगाच्या आधी गाळ काढणारा माणूस लागतो. गट्टू खचला तर उचलून खाली मुरूम भरावा लागतो. या कामाला उद्घाटन नाही, फलक नाही, म्हणून त्याला निधीही नाही. ते ज्या पैशातून व्हायचे तो पैसा म्हणजे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न, आणि त्यातला मोठा वाटा घरपट्टीचा.

शंभर रुपयांचा हिशेब

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील कलम १२४ प्रमाणे इमारती व जमिनीवरचा कर, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी हे सगळे ग्रामपंचायतीचे. घराची नोंद नमुना ८ मध्ये, मागणी नमुना ९ मध्ये. इथवर बहुतेकांना माहीत असते. पुढचे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

आपण दिलेल्या १०० रुपयांतले ३५ पर्यंत कर्मचाऱ्यांच्या पगारावर जाऊ शकतात. मागासवर्गीयांसाठी १५, महिला व बालकल्याणासाठी १० आणि दिव्यांगांसाठी ५ राखून ठेवावेच लागतात. हे खर्च योग्यच आहेत. मागासवर्गीयांच्या १५ मधून त्यांच्याच मोहल्ल्यातली नाली दुरुस्त होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. पण बेरीज झाली ६५. उरले ३५. त्यातच बल्ब, ब्लिचिंग पावडर, स्टेशनरी, हातपंपाची किरकोळ दुरुस्ती, नाली आणि झाडे.

एक उदाहरण घेऊ. समजा गावात २०० घरे आहेत आणि प्रत्येक घराला सरासरी ४०० रुपये कर आहे. मागणी झाली ८०,००० रुपये. वसुली ६० टक्के धरली तर हाती येतात ४८,०००, आणि वरच्या हिशेबाने मोकळे उरतात १६,८००. म्हणजे महिन्याला १,४०० रुपये. एवढ्यात गाव कसे राखणार? वसुली पूर्ण झाली तर मोकळे उरतात २८,०००. फरक ११,२०० रुपयांचा. ऐकायला रक्कम लहान वाटते. पण उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ४०-५० रोपांना एक दिवसाआड पाणी टाकणाऱ्या माणसाला काहीतरी मेहनताना देता येतो तो एवढ्यातूनच. करंजाच्या त्या काड्या झाल्या त्या या फरकामुळे.

न भरणाऱ्याचेही ऐका

मग लोकांनाच दोष देऊन मोकळे व्हायचे का? नाही. जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल. त्याची घरपट्टी येत नाही. बहुतेक गावांत कारखाने नाहीत, मोठा बाजार नाही. सगळा भार पडतो तो गावठाणातल्या घरांवर, मग ते कुडाचे घर असो, कवेलूचे असो की साठच्या दशकापासून वसलेल्या बंगाली वसाहतीतले असो.

३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने कर भांडवली मूल्यावर आला. मातीच्या घराला दर कमी, आर.सी.सी.ला जास्त. तत्त्व चांगले आहे. पण कुडाचे घर पाडून घरकुल बांधले की फेरआकारणीत टॅक्स वाढतो, उत्पन्न मात्र तेच, दोन एकर धान आणि तेंदूचा हंगाम. अशा माणसाला वाढीव बिल आले आणि दारासमोरची नाली तुंबलेलीच राहिली, तर तो भरणार कशाला? आमच्या जिल्ह्यात साचलेले पाणी म्हणजे मलेरिया. नाली हा इथे शोभेचा विषय नाही.

आकारणी चुकीची वाटली तर हरकत घेता येते, पंचायत समितीकडे अपीलही करता येते. पण आकारणीची यादी लागते तेव्हा ती वाचायला जातो कोण? दाखला अडवला की टॅक्स निघतो, हा उपायही अनेक ठिकाणी चालतो. त्याने वसुली होते, विश्वास मात्र जातो.

मुलचेऱ्यात काय विचारायचे

खुद्द मुलचेरा २०१५ पासून नगरपंचायत आहे. त्याच साली अहेरी, चामोर्शी, कुरखेडा, भामरागड अशी तालुक्याची गावेही नगरपंचायती झाली. इथे कायदा वेगळा, १९६५ चा. नागरी मालमत्ता कराच्या बिलात अनेक ओळी असतात. शिक्षण कर व रोजगार हमी कर शासनाकडे जातात. पण १९७५ च्या वृक्ष कायद्याने नागरी भागात घराच्या करयोग्य मूल्यावर वृक्ष उपकर घेता येतो, आणि तो झाडांसाठीच आहे. आपल्या बिलात ही ओळ आहे का, असेल तर जमा किती आणि त्यातून कोणत्या प्रभागात किती झाडे जगली, हे नागरिकाने आपल्या नगरसेवकाला विचारलेच पाहिजे. प्रभाग सतराच आहेत. हिशेब अवघड नाही.

दिल्लीचाही रेटा याच दिशेने होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या मुदतीत शहरी संस्थांच्या अनुदानाला अटच घातली की राज्याने मालमत्ता कराचा किमान दर ठरवावा आणि वसुली वाढवून दाखवावी. स्वतःचे न कमावणाऱ्याला बाहेरचे मिळणे कठीण होत जाणार, हे यावरून ओळखावे.

दुसरीकडे कसे करतात

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७२ पासून एक कायदा आहे. एखाद्या वस्तीला रस्त्याकडची झाडे, दिवे, बगीचा राखायचा असेल तर त्या वस्तीतल्या घरांवर वेगळी आकारणी बसते आणि तो पैसा त्याच वस्तीत खर्च होतो. १९९६ पासून तर आधी घरमालकांना मतपत्रिका पाठवावी लागते. विरोधाचे पारडे जड झाले तर आकारणी होत नाही. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही. म्हणून त्यांची नवी पट्टी आपण उचलायची नाही. "जिथला पैसा तिथेच, आणि आधी विचारून" एवढी रीत मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्या राज्यातही वाट दाखवणारे आहेत. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या पाटोदा गावाने भास्करराव पेरे पाटलांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत दिले. गावात झाडेही उभी राहिली. राज्याच्या २०१० च्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेने झाडे आणि करवसुली हे दोन्ही निकष एकत्र ठेवले होते. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूतून ग्रामसभेचे उत्पन्न उभे केले. ज्या गावांना तेंदू-बांबूचे पैसे येतात, त्यांनी थोडा वाटा गावातल्या सावलीसाठी ठेवायला हरकत काय?

येत्या ग्रामसभेत

माझे म्हणणे एवढेच. पहिले, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वॉर्डवार मागणी, वसुली आणि खर्च मोठ्या अक्षरांत लिहावा. दुसरे, मोकळ्या ३५ रुपयांतले निदान १० रुपये ज्या वॉर्डातून आले त्याच वॉर्डाच्या नाली व झाडांसाठी, अशी वेगळी ओळ अंदाजपत्रकात घालावी आणि तसा ठराव ग्रामसभेत घ्यावा. तिसरे, नव्या सिमेंट रस्त्याच्या अंदाजपत्रकातच झाडाभोवती एक मीटर माती मोकळी सोडायला लावावी. आमची कन्हार जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. बुंध्यापर्यंत काँक्रीट घातले तर झाडही जाते आणि रस्ताही उकलतो.

झाड निवडताना गुलमोहराच्या नादी लागू नये, वादळात त्याच्या फांद्या लवकर मोडतात. कडुनिंब, करंज लावावा. मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून उन्हात तापू द्यावा आणि पहिला चांगला पाऊस पडल्यावर रोप लावावे. आणि रोप लावायच्या आधी, पुढच्या तीन उन्हाळ्यांत त्याला पाणी कोण टाकणार त्याचे नाव आणि त्याचा मेहनताना कोणत्या पैशातून निघणार, हे ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्यावे. ते लिहिता येत नसेल तर रोप त्या वर्षी नर्सरीतच राहू द्यावे.