‘सेंद्रिय’चा भाव

वसई-विरारच्या बाजारात हल्ली ‘सेंद्रिय’ या शब्दालाच भाव आला आहे. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, असा सार्वत्रिक समज दिसतो. वस्तुतः निंबोळी अर्क तिथे चालतो, आणि मर्यादेत ताम्रयुक्त बुरशीनाशकेही चालतात. कच्चे शेणखत वा दूषित पाणी लागलेली पालेभाजी सेंद्रिय असली तरी धुवावीच लागते. 2017 च्या नियमांनी आणलेले ‘जैविक भारत’ चिन्ह पिकवण्याच्या पद्धतीची ग्वाही देते, एवढेच. महाग ते अस्सल, हेही खरे नाही. मात्र हंगामी पिकांच्या जमिनीला प्रमाणपत्रापूर्वी किमान दोन वर्षे संक्रमणात काढावी लागतात. त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रियाचा भावही मिळत नाही. वाढीव किमतीचे हे एक न्याय्य कारण आम्ही मानतो.

नाळे-निर्मळकडून टोपली घेऊन येणाऱ्या बाईच्या भाजीवर चिन्ह नसते, म्हणून ती विषारी ठरत नाही. ‘गावठी’ म्हटल्याने सेंद्रियही ठरत नाही. खत कोणते, फवारणी कधी झाली, पाणी कुठले, हे तिला विचारावे. पाकिटाची छापील किंमत निमूट देणाऱ्यांनी तिच्याशी जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करू नये. इमारतींच्या वेढ्यात उरलेल्या वाड्या टिकल्या, तरच उत्तर द्यायला समोर पिकवणारा माणूस असेल.